चोर्ल्याचा घाम आणि वाळवंटाचा घाम

मे महिन्यातला रविवार. पहाटे साडेपाचला गोव्यातल्या साखळी गावाहून सायकलींवर निघालो आणि केरीला पोचेपर्यंत उजाडलं. पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत दारोदार पाव देत होता. पुढे अंजुणे धरण मागे टाकलं की चोर्ला घाट लागतो. वर टपरीवर चहाला थांबलो तेव्हा आमच्या गटातल्या एका तरुणाने हातमोजे काढून पिळले. पाण्याची धार लागली, खालच्या धुळीत ओलं वर्तुळ उमटलं. हेल्मेटच्या पट्ट्यातून थेंब गळत होते, बुटात पाणी साचलं होतं.

तो म्हणाला, "सर, इथे एवढा घाम येतो, तर वाळवंट सोपंच जाणार ना? तिकडे घामच येत नाही म्हणतात. म्हणजे पाणीही कमी लागेल."

हा मुलगा पुणे ते गोवा ही साडेसहाशे किलोमीटरच्या आसपासची शर्यत वेळेत पुरी करून आलेला आहे. 'रेस अक्रॉस अमेरिका' या शर्यतीच्या पात्रतेसाठी ती धरली जाते, आणि त्याच्या डोळ्यांपुढे आता तीच मोठी शर्यत आहे. म्हणून त्याचा प्रश्न मला चहाबरोबर गिळून टाकता आला नाही. घाम दिसत नाही म्हणजे घाम येत नाही, हा समज सायकलवाल्यांत इतका पक्का आहे की मी स्वतः तो बरोबर घेऊन एकदा जैसलमेरला गेलो होतो. ती हकिगत पुढे येईलच.

आधी ही शर्यत सुरू कशी होते ते पाहू. १९८२ साली चार सायकलस्वार कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या धक्क्यावरून न्यूयॉर्कला जायला निघाले, तिथपासून तिची सुरुवात. आता ती ओशनसाइड या किनाऱ्यावरच्या गावातून निघते आणि सुमारे ४८०० किलोमीटर तोडून पूर्व किनाऱ्याला पोचते. सोलो गटातल्या तरुण पुरुषांना त्यासाठी १२ दिवस मिळतात. सोलो म्हणजे सायकलवर एकटा. मागे गाडी आणि मदतनीस असतात, पण त्यांनी ओढायचं नाही आणि गाडीच्या आडोशाने वारा चुकवायचा नाही. २०१७ साली सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. एकट्याने ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. पाठोपाठ त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थही पोचले. नागपूरचं नाव लक्षात ठेवा, ते या लेखात पुन्हा येणार आहे.

जूनच्या मध्याला ओशनसाइडची सकाळ थंड असते. समुद्रावरून आलेले ढग डोक्यावर, अंगावर हलका वारा. तिथून रस्ता हळूहळू डोंगरात चढतो. मग एके ठिकाणी डोंगर अचानक संपतो आणि पायाखाली वाळवंट उघडतं. तिथून बोरेगो स्प्रिंग्जपर्यंत जी उतरण आहे तिला सायकलस्वार 'ग्लास एलिव्हेटर' म्हणतात, म्हणजे काचेची लिफ्ट. सुमारे हजार मीटरची ही उतरण. भर दुपारी जमीन तापलेली असते, तिच्यावरची हवा खालवर घुसळत असते, आणि अशा कोरड्या, घुसळलेल्या हवेत दर किलोमीटर उंचीमागे जवळजवळ दहा अंशांचा फरक पडतो. सायकल खाली धावते तसतसा पारा वर चढतो. सकाळी समुद्रावर शिरशिरी आलेला माणूस त्याच दिवशी संध्याकाळच्या आत ४० अंशांपुढच्या हवेत असतो. शरीराला सवय करून घ्यायला म्हणून मिळतात ते जेमतेम दीडशे किलोमीटर.

शर्यत सोडून देणाऱ्यांतले कितीतरी जण याच पहिल्या वाळवंटात घायाळ होतात. पायांत ताकद असते. गडबड उष्णतेच्या हिशेबात होते.

तो हिशेब असा. लांब पल्ल्याचा सायकलस्वार पॅडलवर साधारण १५० वॅट इतकं काम करतो. पण शरीर हे काही फार काटकसरी यंत्र नाही. खाल्लेल्या ऊर्जेतला पाचवा ते चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचतो, बाकीची सगळी उष्णता. म्हणजे १५० वॅट कामामागे पाचशे वॅटहून थोडी जास्त उष्णता शरीराच्या आत तयार होत राहते. सत्तर किलोच्या माणसातून ही उष्णता बाहेरच पडली नाही, तर दर आठ-नऊ मिनिटांना त्याचं तापमान एक अंशाने वाढेल. ३७ वरून ४१ वर जायला अर्धा तास पुरे. ४१ म्हणजे उष्माघाताचा दरवाजा. सायकलस्वार सहा-सहा तास पॅडल मारून जिवंत राहतो, कारण तेवढीच उष्णता कुठून तरी सतत बाहेर जात असते.

जाते ती मुख्यतः घामाच्या वाफेतून. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाफ होऊन गेला तर साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. घरात चहासाठी लिटरभर पाणी ठेवलं तर ते उकळी येईपर्यंत जेवढी उष्णता घेतं, त्याच्या सात-आठ पट ही झाली. निसर्गाने आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी उगाच पेरलेल्या नाहीत.

मात्र वरच्या वाक्यातले 'वाफ होऊन गेला तर' हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. जमिनीवर टपकलेला घाम काहीही थंड करत नाही. हातमोजे पिळून जी धार निघाली, ते शरीराने खर्च केलेलं पाणी होतं, मीठ होतं, आणि त्याच्या बदल्यात शरीराला मिळाला होता शून्य थंडावा. आपण ओलं अंग पाहून म्हणतो, किती घाम काढला! खरं तर दिसणारा घाम म्हणजे न चाललेला घाम. जो काम करून जातो तो दिसत नाही.

आता हा फरक मोजायचा कसा? शाळेच्या प्रयोगशाळेत ओला आणि कोरडा तापमापक असतो, तो आठवा. दोन साधे तापमापक, एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळलेली. चिंधीतलं पाणी उडून जातं तसा तो तापमापक थंड होतो, कोरडा मात्र हवेचं तापमान दाखवतो. चिंधी म्हणजे आपलं घामेजलेलं अंग समजा. मी असे दोन तापमापक गेली काही वर्षं बाल्कनीत लटकावून ठेवले आहेत, आणि बाहेरगावी जाताना पिशवीतून नेतो. साखळीत मे महिन्याच्या दुपारी कोरडा ३३ दाखवतो, ओला २८. फरक फक्त पाच अंशांचा. त्याच मे महिन्यात नागपूरला बहिणीकडे गेलो होतो, तिच्या गच्चीवर सावलीत टांगले. कोरडा ४४, ओला २२. फरक बावीस अंशांचा! मी चिंधी दोनदा पुन्हा भिजवली, पंख्याने वारा घातला. आकडा हलला नाही. अंगाची लाही करणाऱ्या त्या गच्चीवर ओली चिंधी आमच्या बाल्कनीतल्या चिंधीपेक्षा सहा अंशांनी थंड होती.

नागपूरच्या लोकांना यात नवल वाटत नाही. त्यांच्या खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरत असतो आणि खोली गार होते. हाच कूलर गोव्यात आणून लावला तर खोलीत नुसता दमटपणा वाढतो. आपल्याकडे मिठाच्या बरणीत मिठाला पाणी सुटतं, सोलं, म्हणजे कोकमाची सालं, वाळवायला घातली की दिवस दिवस उलटीपालटी करत बसावं लागतं, माठातलं पाणी बेताचंच गार होतं. या सगळ्याचं कारण एकच आणि सायकलस्वाराच्या पाठीवरही तेच चालतं.

ते कारण म्हणजे बाष्पदाब. मला या विषयातलं सगळ्यात आवडतं ते हेच, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

ओल्या त्वचेला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो. त्वचेचं तापमान ३५ अंश धरलं तर त्या थरातल्या बाष्पाचा दाब ५.६ किलोपास्कल असतो. हा आकडा पक्का, कारण तो फक्त तापमानावर ठरतो. पलीकडे मोकळी हवा. तिच्यातही बाष्प आहे, त्याचाही दाब आहे. बाष्प जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं, आणि दोन्हींमधला फरक जितका मोठा तितका घाम वेगाने उडतो. गोव्यात ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना हवेतला बाष्पदाब ३.५ किलोपास्कल असतो. म्हणजे घामाला ढकलणारा फरक २.१. वाळवंटात ४३ अंश आणि १० टक्के आर्द्रता असेल तर हवेतला बाष्पदाब ०.९ च्या आसपास, आणि फरक ४.७. घाम उडवण्याची वाळवंटी हवेची ताकद गोव्याच्या हवेच्या दुपटीहून जास्त.

इथे टक्केवारीने फसायचं नाही. बातम्यांत सांगतात ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकेल त्याच्या किती टक्के बाष्प आहे ते. डिसेंबरच्या पहाटे धुकं पडलं असताना आर्द्रता १०० टक्के असते, पण २० अंशांना १०० टक्के म्हणजे फक्त २.३ किलोपास्कल. मे महिन्यातल्या ७० टक्क्यांहून कितीतरी कमी. म्हणून डिसेंबरच्या धुक्यात घाट चढताना घाम छान उडतो आणि मे महिन्याच्या लख्ख दुपारी अंगावर साचतो. टक्के न बघता बाष्पदाब बघावा, ही सवय सायकलवाल्यांनी लावून घ्यायलाच हवी.

पण वाळवंटात एक गोष्ट उलटी आहे. हवा त्वचेपेक्षा जास्त तापलेली आहे. ३३ अंशांचा वारा ३५ अंशांच्या त्वचेला थोडा तरी गार करतो. ४३ अंशांचा वारा तिला तापवतो. तर मग सायकलचा वेग वाळवंटात मित्र की शत्रू? वेग वाढला की घाम जास्त उडतो, पण गरम हवाही अंगावर जास्त आदळते. यात जिंकतं कोण?

याचं उत्तर अमेरिकेतले रसायन अभियंते वॉरन लुईस यांनी १९२२ साली दाखवलेल्या एका नात्यात आहे. उष्णता आणि बाष्प दोन्ही त्वचेलगतच्या त्याच पातळ थरातून जा-ये करतात. तो थर वाऱ्याने पातळ झाला तर दोघांनाही सारखीच वाट मोकळी होते. म्हणून दोन्हींची थेट तुलना करता येते. बाष्पदाबातला एक किलोपास्कलचा फरक हा तापमानातल्या साडेसोळा अंशांच्या फरकाइतका पडतो. वारा किती का असेना, हे प्रमाण तेच राहतं. केवढी सुंदर गोष्ट आहे ही!

आता आकडे मांडू. वाळवंटात घामाची बाजू ४.७ गुणिले १६.५, म्हणजे ७८ 'अंश' थंडावा. त्यातून गरम वाऱ्याचे ८ अंश वजा. उरले ७०. गोव्यात घामाची बाजू २.१ गुणिले १६.५, म्हणजे ३५. वाऱ्याची मदत २ अंशांची. एकूण ३७. म्हणजे अंग पूर्ण ओलं ठेवता आलं तर ४३ अंशांचं वाळवंट गोव्याच्या मे महिन्याच्या जवळजवळ दुप्पट थंडावा देऊ शकतं. वेग दोन्हीकडे मित्रच आहे. मेख आहे ती 'अंग ओलं ठेवता आलं तर' यात. गोव्यात घाम भरपूर असतो, तो उडवायला हवा कमी पडते. वाळवंटात हवा अमर्याद असते, घाम कमी पडतो. एकीकडे मर्यादा हवेची, दुसरीकडे मर्यादा बाटलीची.

चोर्ल्यात आपण न्हाऊन निघतो याचाही उलगडा यातच आहे. सपाटीवर ताशी पंचवीसने जाताना अंगावर तेवढा वारा मिळतो आणि गोव्याची दमट हवाही काम भागवते. घाट लागला की वेग ताशी आठवर येतो. वारा पडतो, त्वचेलगतचा थर जाड होतो, आणि नेमकं तेव्हाच पायांना जास्त जोर लावावा लागत असल्याने आतली उष्णता वाढते. मी कच्चा हिशेब केला तर घाटात चढताना जेवढा थंडावा लागतो, तेवढाच आपली मे महिन्यातली हवा देऊ शकते, शिल्लक काही उरत नाही. मग घाम साचतो आणि टपकतो. पाठीमागून वारा असताना सपाटीवरही असंच होतं. सायकलस्वार वाऱ्याच्याच वेगाने चालला असेल तर त्याच्यापुरता वारा पडलेला असतो. वर आणखी एक त्रास. त्वचा बराच वेळ भिजलेली राहिली की वरचा थर पाणी पिऊन फुगतो आणि घामाच्या नळ्यांची तोंडं आकसतात, घाम यायचाच कमी होतो.

वाळवंटात याच्या उलट. घाम त्वचेवर आला की आला त्या क्षणी गेला. अंग कोरडं, कपडे कोरडे, हातमोजे कोरडे.

आता जैसलमेरची गोष्ट. मार्चअखेर होती. जैसलमेरहून रामगढच्या दिशेने निघालो, जाऊन-येऊन एकशे तीस किलोमीटरचा बेत. हवा ३८ अंशांच्या आसपास, रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळू आणि खेजडीची झाडं. अंगावर घामाचा टिपूसही नव्हता. मला वाटलं आज शरीर मस्त चाललंय, साखळीला असतो तर आतापर्यंत तीन बाटल्या संपल्या असत्या. तहान लागेल तेव्हा घोट घोट पीत राहिलो. परतीच्या वाटेवर, शहर दहा-बारा किलोमीटरवर असताना, हातांवर काटा आला. भर उन्हात थंडी वाजल्यासारखी शिरशिरी. डोकं ठणकत होतं, जीभ टाळूला चिकटत होती. हॉटेलात पोचून जर्सी काढली तर तिच्यावर पांढरे नकाशे उमटलेले. पाठीवर बेटं, छातीवर किनारपट्टी, काखेपाशी जाड पांढरा काठ. बोटाने खरवडलं तर खपली निघाली. जिभेला लावली. मीठ.

निघताना वजन ७१.४ किलो होतं. आल्यावर ६७.९. वाटेत साडेतीन लिटर प्यालो होतो. म्हणजे सहा तासांत सुमारे सात लिटर पाणी अंगातून गेलं होतं, आणि त्यातला एक थेंब मी पाहिला नव्हता. वजनाच्या पाच टक्के पाणी कमी झालं होतं. लघवीला रात्री उशिरा झाली, तीही गडद. दुसरा दिवस अंथरुणात गेला. सोबतीला कोणी नव्हतं. तो काटा यायच्या वेळी आणखी वीस किलोमीटर उरले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही. म्हणून त्या मुलाचा प्रश्न ऐकून मला चहा गोड लागला नाही.

अमेरिकेतल्या त्या पहिल्या वाळवंटाचा हिशेब याहून कडक आहे. आतली पाचशे वॅट उष्णता उडवायला तासाला पाऊण लिटरच्या वर घाम लागतो. वर सूर्य आणि तापलेला वारा मिळून जवळजवळ तेवढीच उष्णता आणखी घालतात. गरज तासाला दीड लिटरच्या घरात जाते. बहुतेकांचं पोट-आतडं तासाला लिटरभराच्या आसपासच पाणी आत घेऊ शकतं, आणि उन्हात तेही कठीण, कारण रक्त एकच आणि मागणारे तिघं. पायांच्या स्नायूंना हवं, थंड व्हायला त्वचेला हवं, पचवायला आतड्याला हवं. पहिल्या दिवशीच्या उत्साहात पाय जोरात चालले की आतड्याच्या वाट्याला रक्त उरत नाही. प्यालेलं पाणी पोटात डुचमळत राहतं, मग उलटी. इथे इलाज शोधायचा तर वेग कमी करायचा. १५० वॅटचे १२० केले तर आतली उष्णता शंभर वॅटने उतरते.

याच्या दुसऱ्या टोकाचा धोकाही सांगायला हवा. घाबरून नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम प्रमाणाखाली गेलेलं होतं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांना हा धोका जास्त होता. म्हणजे प्रश्न जास्त पिण्याचा होता. घामात लिटरमागे ग्रॅमभर सोडियम जाऊ शकतं, माणसागणिक कमीजास्त. ते भरून काढायचं तर पाण्यात मीठ आणि थोडी साखर हवी. आतड्याच्या भिंतीत एक प्रथिन आहे, ते ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत ओढतं आणि त्यांच्यामागे पाणी येतं. याच तत्त्वावरच्या द्रावणाने डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या हजारो रोग्यांचे प्राण वाचवले. आपलं मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत त्याच कुळातलं. ते 'थंड' म्हणून उपयोगी पडत नाही. त्यात पाणी, मीठ आणि साखर एकत्र असतात म्हणून पडतं.

हे 'थंड' आणि 'उष्ण' प्रकरण निघालंच आहे तर कांद्याचंही बोलतो. उन्हात जाताना खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. मायेने सांगतात, मलाही सांगितलंय. पण खिशातल्या कांद्याने ना हवेचा बाष्पदाब बदलतो, ना त्वचेवर एक थेंब जास्त घाम येतो. कांदा ठेवलाय म्हणून जो अर्धी बाटली पाणी कमी नेतो, त्याला कांद्याने अपायच केला. दुसरीकडे जिममध्ये अंगाला प्लास्टिक गुंडाळून घाम गाळायला लावतात आणि 'शरीरातलं विष बाहेर पडतंय' म्हणून सांगतात. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, बाकी सगळं किरकोळ. शरीरातला नको असलेला माल बाहेर काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. प्लास्टिकच्या आत घाम उडत नाही, शरीर तापत जातं, आणि काट्यावर कमी झालेलं वजन दोन ग्लास पाण्याने परत येतं. यात माणसं दगावलेली आहेत.

वाळवंटात बाहेरून पाणी ओतणं मात्र खरोखर उपयोगी पडतं. त्वचेला पाणी आतून आलं की बाटलीतून, याच्याशी देणंघेणं नाही. पाठीवर ओतलेलं पाणी तिथल्या हवेत उडून जातं आणि घामाइतकीच उष्णता नेतं, शिवाय शरीरातलं मीठ वाचतं. म्हणून मागच्या गाडीतले मदतनीस सायकलस्वाराच्या अंगावर सतत पाणी शिंपडतात, लांब मोज्यात बर्फ भरून मानेवर ठेवतात. त्याला पांढऱ्या सैल बाह्या घालतात, त्या भिजवतात. चोर्ल्यात डोक्यावर बाटली रिकामी केली तर क्षणभर बरं वाटतं, मग तेही पाणी घामाबरोबर टपकून जातं. तिथे ते पिणं बरं.

बोरेगो स्प्रिंग्जहून पुढे रस्ता आणखी खाली उतरतो. ब्रॉली हे गाव समुद्रसपाटीच्या सुमारे ३४ मीटर खाली आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने आणून तिथे शेती केलेली आहे, वाळवंटात एकदम हिरवी शेतं. ओलिताने हवेत थोडं बाष्प वाढतं, आणि दिवसभर कोरडं राहिलेलं अंग तिथे चिकचिकतं. मग ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्या आणि रात्र. कोरड्या वाळवंटाची रात्र ही सायकलस्वाराची खरी कमाईची वेळ. हवेतलं बाष्प जमिनीची उष्णता पांघरुणासारखी अडवून धरतं. ते पांघरूण गोव्यावर जाड असतं, म्हणून मे महिन्यातली आपली रात्रही घामट असते. वाळवंटावर ते विरळ, म्हणून जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि पहाटेपर्यंत पारा पंधरा-वीस अंशांनी उतरू शकतो. जो दुपारी जपून चालला, तो रात्री हे अंतर भरून काढतो.

त्या मुलाला टपरीवर इतकं सगळं सांगता आलं नाही. चहा संपला, ऊन वाढलं. पण पुढच्या रविवारी तो घरून स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आला. बाटल्या मोजल्या, स्वतःचं वजन निघताना आणि परत आल्यावर घरच्या काट्यावर घेतलं, आकडे वहीत लिहिले. उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुरू होतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हे फायदे गोव्याच्या उन्हातही मिळतात, ती त्याची कमाई आहेच. कोरड्या हवेत न दिसणारा घाम मोजून पिण्याची सवय मात्र कोरड्या हवेत जाऊनच लागते. दोन आठवड्यांची रजा काढून तो राजस्थानात गेला. माझे दोन तापमापक आणि मलमलीची चिंधी मी त्याच्याबरोबर दिली आहे.

काल रात्री त्याचा जैसलमेरहून मेसेज आला. कोरडा ४१, ओला २१. चार तास सायकल. वजन १.६ किलोने कमी. हातमोजे पूर्ण कोरडे, जर्सीवर मीठ. बाटल्या किती रिकाम्या झाल्या ते लिहायला विसरलाय, तेवढं मी विचारलंय.